कॉफी कॅप्सूल: भीती कशाची बाळगावी आणि जाब कोणाला विचारावा

यंत्रात घालून एका कपाची कॉफी काढायच्या छोट्या हवाबंद डब्या, म्हणजे कॅप्सूल, विकणाऱ्या नेस्लेच्या नेस्प्रेसोने २०२४ च्या अखेरीस भारतीय बाजारात प्रवेश केला आणि पुढच्या वर्षी दिल्लीत साकेत येथे आपले पहिले दालन उघडले. त्याआधीही काही देशी कंपन्या याच धर्तीच्या कॅप्सूल विकत होत्या, आणि मुंबई-पुण्यातल्या बड्या कचेऱ्यांत, पंचतारांकित हॉटेलांच्या खोल्यांत आणि ऐपतदार घरांच्या ओट्यावर ही यंत्रे दिसू लागली होती. परंतु नेस्लेसारखी अवाढव्य कंपनी जेव्हा एखादी सवय विकायला येते, तेव्हा ती सवय फार काळ मूठभरांपुरती राहत नाही. म्हणूनच या अंगठ्याएवढ्या डबीविषयी आपल्याकडे काय नियम असावेत, हा प्रश्न ती घराघरांत पोहोचण्यापूर्वी विचारायला हवा. युरोप आणि उत्तर अमेरिकेने तो फार उशिरा विचारला आणि तोवर अब्जावधी डब्या कचऱ्यात गेलेल्या होत्या.

या विषयावर समाजमाध्यमांतून फिरणारा मजकूर बहुतांशी भीतीचा असतो. ॲल्युमिनियममुळे स्मृतिभ्रंश होतो, प्लॅस्टिकमुळे कर्करोग होतो, अशा वाक्यांनी तो सुरू होतो आणि तिथेच संपतो. मला कॅप्सूलला विरोध करायचा आहे, पण या आधारावर नाही. आरोग्याचे आक्षेप तपासले तर त्यांतले बरेचसे लंगडे पडतात आणि थोडेच उरतात. पर्यावरणाचा आक्षेप मात्र तपासागणिक अधिक घट्ट होत जातो, फक्त तो जिथे आहे असे लोकांना वाटते तिथे तो नाही. दोन्ही आक्षेप एकत्र कालवले की कंपन्यांचे काम सोपे होते, कारण त्या आपल्या कच्च्या मुद्द्याला उत्तर देतात आणि पक्का मुद्दा न बोलताच बाजूला पडतो.

आधी ही वस्तू नेमकी काय आहे ते पाहू. नेस्लेतील अभियंता एरिक फाव्हर याने १९७०च्या दशकात रोममधल्या एका कॉफीगृहातली एस्प्रेसो पाहून तिची घरगुती नक्कल करण्याचा ध्यास घेतला. १९७६ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि १९८६ मध्ये नेस्प्रेसो बाजारात आली. कल्पना साधी होती. पाच-सहा ग्रॅम भाजून दळलेली कॉफी हवाबंद डबीत भरायची, आतली हवा काढून नायट्रोजन भरायचा म्हणजे सुवास टिकतो, आणि यंत्राने डबीला भोके पाडून उच्च दाबाने गरम पाणी आतून ढकलायचे. अमेरिकेत जॉन सिल्व्हन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये क्युरिग ही कंपनी काढली आणि १९९८ मध्ये के-कप ही मोठी प्लॅस्टिकची डबी कचेऱ्यांसाठी बाजारात आणली. सिल्व्हनने आपला वाटा त्यापूर्वीच पन्नास हजार डॉलरला विकला होता. २०१५ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितले की हे आपण केले याचे आपल्याला कधीकधी वाईट वाटते. नेस्प्रेसोची मूळ पेटंटे २०१२च्या सुमारास संपली आणि त्याच यंत्रात बसणाऱ्या इतरांच्या डब्यांचा बाजारात पूर आला. त्यांत ॲल्युमिनियमच्या होत्या, प्लॅस्टिकच्या होत्या, आणि प्लॅस्टिकच्या वाटीवर ॲल्युमिनियमचे झाकण चिकटवलेल्या तर फारच होत्या. कचऱ्याचा प्रश्न इथून अधिक गुंतला, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या वस्तू आतून वेगवेगळ्या झाल्या.

आता आरोग्य. सर्वांत ठोस आकडे फ्युरान या रसायनाचे आहेत. कॉफी भाजताना फ्युरान आपोआप तयार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. बार्सिलोना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये स्पेनच्या बाजारातल्या कॉफीची तपासणी प्रसिद्ध केली. तीत एस्प्रेसो यंत्राच्या कॉफीत दर मिलीलिटरला ४३ ते १४६ नॅनोग्रॅम, गाळणीच्या कॉफीत २० ते ७८, इन्स्टंटमध्ये १२ ते ३५, आणि कॅप्सूलच्या कॉफीत ११७ ते २४४ नॅनोग्रॅम फ्युरान आढळले. कारण सहज कळण्यासारखे आहे. फ्युरान पटकन उडून जाते. दळलेली कॉफी उघड्यावर राहिली, उकळली, कपात थोडी निवाली की त्यातले बरेच हवेत जाते. कॅप्सूल मात्र ज्या हवाबंदपणाच्या जोरावर सुवास राखते, त्याच हवाबंदपणामुळे फ्युरानही राखते. हा आकडा पुढे करून कॅप्सूल म्हणजे कर्करोग असे सांगणारे एक गोष्ट वगळतात: त्याच संशोधकांनी म्हटले होते की धोक्याची मानली जाणारी मर्यादा गाठायला प्रौढ माणसाला दिवसाला निदान वीस कप कॅप्सूल कॉफी प्यावी लागेल. रोज दोन-तीन कप पिणाऱ्याने यासाठी झोप उडवून घेण्याचे कारण नाही. कप भरल्यावर दोन मिनिटे थांबून, ढवळून पिणे एवढी सवय पुरेशी आहे, आणि ती दुसऱ्या एका कारणासाठीही चांगली आहे: त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये कॉफीला संशयितांच्या यादीतून बाहेर काढले, मात्र ६५ अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाशी जोडली.

ॲल्युमिनियमची भीती त्याहून हलकी आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला १ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम ही सहन होण्याजोगी मर्यादा २००८ मध्ये ठरवली, म्हणजे साठ किलोच्या माणसाला आठवड्याला ६० मिलिग्रॅम. कॅप्सूलच्या आतल्या बाजूला लाखेसारखा संरक्षक थर असतो आणि पाणी आतून जायला अर्धा मिनिटही लागत नाही. त्यातून उतरणारे ॲल्युमिनियम या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. ज्या घरात ॲल्युमिनियमच्या उघड्या पातेल्यात चिंच किंवा टोमॅटो घालून आमटी उकळते, त्या घराने कॅप्सूलच्या ॲल्युमिनियमची काळजी करण्याआधी ते पातेले बदलावे.

मग उरते काय? उरतो तो थर. धातूच्या डब्यांच्या आतल्या लेपांत बिस्फेनॉल ए हे रसायन जगभर वापरले गेले आहे. त्याबाबत युरोपीय प्राधिकरणाने २०२३ मध्ये आपली रोजची सुरक्षित मर्यादा आधीच्या तुलनेत वीस हजार पटींनी खाली आणली आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी घातली. प्रत्येक कॅप्सूलमध्ये ते असते असा माझा दावा नाही. बड्या कंपन्या आपल्या डब्यांत ते नसल्याचे सांगतात. माझा आग्रह एवढाच आहे की भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कॅप्सूलच्या खोक्यावर आतला लेप कशाचा आहे आणि वाटी कोणत्या प्लॅस्टिकची आहे, हे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने छापायला लावावे. उकळत्याच्या जवळ पोहोचलेले पाणी दाबाखाली ज्या वस्तूतून जाते, ती वस्तू कशाची बनली आहे हे जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला असला पाहिजे. पेटंट संपल्यानंतर जे असंख्य उत्पादक या धंद्यात उतरले, त्यांच्यासाठी हा नियम अधिकच आवश्यक आहे.

यंत्राच्या स्वच्छतेकडेही क्वचितच लक्ष जाते. स्पेनमधल्याच व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये नेस्प्रेसो यंत्रांच्या खालच्या, वापरलेल्या कॅप्सूल जिथे पडतात त्या ट्रेमधल्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत एन्टरोकोकस आणि स्यूडोमोनास यांसह जिवाणूंच्या अनेक प्रजाती सुखाने नांदत असल्याचे आढळले. कॅफिन हे जिवाणूंना मारक असते, तरी काहींनी त्याच्याशी जुळवून घेतले होते. हे पाणी कपात जात नाही, त्यामुळे घाबरायचे नाही. ट्रे रोज घासून कोरडा ठेवायचा. कचेरीतल्या यंत्राचा ट्रे कोण घासतो, हे मात्र तिथे काम करणाऱ्यांनी एकदा विचारून पाहावे.

पर्यावरणाच्या बाजूला आधी तो हिशेब मांडतो जो कॅप्सूलच्या बाजूने आहे, कारण तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातल्या शिकुतिमी येथील क्युबेक विद्यापीठाच्या संशोधकांनी एक विश्लेषण प्रसिद्ध केले आणि ते जगभर गाजले. २८० मिलिलिटर कॉफीसाठी गाळणीच्या पद्धतीत २५ ग्रॅम, कॅप्सूलमध्ये १४ ग्रॅम आणि इन्स्टंटमध्ये १२ ग्रॅम कॉफी लागते असे धरून त्यांनी हरितगृह वायूंचे उत्सर्जन काढले. कॉफीच्या एकूण उत्सर्जनात शेतीचाच वाटा ४० ते ८० टक्के असतो, त्यामुळे जी पद्धत कॉफी कमी वापरते ती पुढे जाते. गाळणी आणि कॅप्सूल यांतल्या फरकाइतकी, म्हणजे ११ ग्रॅम अरेबिका कॉफी ब्राझीलमध्ये पिकवण्याने सुमारे ५९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, तर कॅप्सूल तयार करून ती कचराभूमीत टाकण्याने सुमारे २७ ग्रॅम. म्हणजे कॅप्सूलमुळे वाचलेली कॉफी ही कॅप्सूलच्या ओझ्यापेक्षा भारी ठरते.

हे गणित चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. ते समकक्ष-परीक्षित, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासलेला, शोधनिबंध म्हणून मांडलेले नव्हते, उपलब्ध आकड्यांवरचे विश्लेषण होते, तरी त्याचा गाभा पटणारा आहे. पण ते कोणाचे गणित आहे? ज्या देशात घरोघरी आणि कचेरीत काचेचे मोठे भांडे भरून गाळणीची कॉफी केली जाते आणि उरलेली सिंकमध्ये ओतली जाते, त्या देशाचे. आपल्याकडे कॅप्सूल ज्या कपाची जागा घेणार आहे तो कप बहुतेक घरांत इन्स्टंट कॉफीचा आहे, आणि त्याच विश्लेषणात योग्य मात्रेत केलेली इन्स्टंट सर्वांत कमी उत्सर्जनाची ठरली होती. दक्षिणेकडे आणि आपल्याकडच्या दाक्षिणात्य खानावळींत कप आहे तो पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरच्या डिकॉक्शनचा, जिथे दाट अर्क सकाळी एकदा काढतात, दिवसभर थोडाथोडा दुधात घालतात आणि शेवटच्या थेंबापर्यंत वापरतात. उरलेल्या महाराष्ट्रात तो कप चहाचा आहे. या तिन्हींपैकी कशाच्याही जागी कॅप्सूल आली, तर कॉफी वाचली हा युक्तिवाद उभाच राहत नाही. वाढतो तो निव्वळ डबीचा भार. शिवाय त्या संशोधकांनीच बजावले होते की बटण दाबले की कॉफी मिळते या सोयीमुळे माणूस एकाच्या जागी दोन कप पिऊ लागला, तर सगळा फायदा पुसला जातो. आणि आपल्या कपात जे भरपूर दूध असते, त्याचे उत्सर्जन डबीच्या उत्सर्जनाहून सहज मोठे असू शकते, हेही इथे सांगून ठेवतो.

तेव्हा कार्बनच्या तराजूवर कॅप्सूल हा महापातकी पदार्थ नाही. एक ग्रॅमच्या आसपास वजनाची वाटी नव्या ॲल्युमिनियमची केली, तरी धातू वितळवून काढायला लागणारी वीज किलोला १४-१५ युनिट या हिशेबाने एका डबीमागे १४-१५ वॅट-तास पडते, म्हणजे नऊ वॅटचा एलईडी दिवा दीड तासाहून थोडा अधिक वेळ जळेल इतकी. केवळ कार्बनवर बोलणाऱ्याला कंपनी इथेच गप्प करू शकते. पण धातू हा फक्त विजेने बनत नाही. एक टन ॲल्युमिनियमला चार ते पाच टन बॉक्साइट लागते. म्हणजे पाच ग्रॅम कॉफी भरण्यासाठी जवळजवळ तेवढ्याच वजनाचा दगड कोठेतरी खणला जातो, आणि त्यातून अल्युमिना, म्हणजे ज्यापासून हा धातू बनतो ती भुकटी, काढताना दोन-तीन ग्रॅम दाहक लाल गाळ मागे उरतो. हंगेरीत आय्का येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी अशा गाळाच्या तलावाचा बांध फुटला आणि दहा माणसे मेली. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावरच्या बॉक्साइटसाठी डोंगरिया कोंध लोकांना जो लढा द्यावा लागला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांचा कौल घेण्यास सांगितले आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी आहेत. पावसाचे पाणी मुरवून खालच्या झऱ्यांना पुरवणारा जांभ्याचा माथा तिथे सोलून काढला जातो. कॅप्सूलचे ॲल्युमिनियम राधानगरीतून येते असे कोणी समजू नये. परंतु हा धातू कुठल्या ना कुठल्या डोंगरमाथ्याची किंमत मोजून येतो, आणि म्हणून तो एकदा काढला की पुन्हापुन्हा वापरात फिरत राहिला पाहिजे, यावर दुमत होण्याचे कारण नाही. पुनर्वापरातले ॲल्युमिनियम नव्याच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत तयार होते. नेस्प्रेसोने आपल्या मूळ कॅप्सूलांत ८० टक्के पुनर्वापरित ॲल्युमिनियम वापरायला सुरुवात केली, ही चांगली गोष्ट आहे. प्रश्न पुढच्या फेरीचा आहे: तीच डबी पुन्हा धातू म्हणून परत येते का?

वापरलेली एक कॅप्सूल हातात घेऊन उघडून पाहिली की याचे उत्तर कळायला लागते. झाकणाचा पत्रा जाळीसारख्या भोकांनी दबलेला असतो आणि कडेशी इतका घट्ट वळवलेला असतो की नखाने निघत नाही. सुरीचे टोक कडेत घालून गोल फिरवावे लागते. आत ओल्या कॉफीची घट्ट वडी असते, ती आपटली तरी अर्धी चिकटून राहते, बोटाने खरवडून काढावी लागते, मग पाण्याखाली धरावी लागते. काही डब्यांच्या कडेला सिलिकॉनचे बारीक वळे असते, ते वेगळे. इतके सगळे केल्यावर तळहातावर उरते ती एक ग्रॅमची चुरगळलेली वाटी. जी वस्तू घाई असलेल्या माणसाला घाई वाचवण्यासाठी विकली जाते, तिची विल्हेवाट मात्र कोणी फुरसतीने करील अशी अपेक्षा ठेवली जाते, आणि ते होणार नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते.

हीच डबी न उघडता सुक्या कचऱ्यात गेली तर काय होते? पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते आणि वर्गीकरणानंतर विकाऊ माल भंगारात जातो. त्यावर हजारो कुटुंबांचे पोट चालते. शीतपेयाचा रिकामा ॲल्युमिनियमचा कॅन या व्यवस्थेत कधी वाया जात नाही. तो पायाने चेपला की सत्तर-पंचाहत्तर कॅनांत किलो भरतो आणि लगेच पैसे होतात. कॅप्सूलच्या हजार डब्यांत किलोभर धातू असतो, आणि त्या हजार डब्यांबरोबर दहा-बारा किलो ओली कॉफी येते, जी दोन दिवसांत बुरसते. एक किलो धातूसाठी हजार वेळा सुरी चालवणे कोणालाही परवडत नाही. प्लॅस्टिकच्या वाटीवर ॲल्युमिनियमचे झाकण असेल, तर ती ना प्लॅस्टिकच्या ढिगात जाते ना धातूच्या. पाश्चात्त्य देशांतल्या यांत्रिक वर्गीकरणातही पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू चाळणीतून खाली पडून कचऱ्यात जातात. म्हणजे इथे माणूस आणि तिथे यंत्र, दोघेही तिला नाकारतात. आणि ज्या ओल्या कॉफीचे झाडाला उत्तम खत झाले असते, ती कचराभूमीत डबीत कोंडून कुजते आणि मिथेन सोडते. ओला-सुका वेगळा करा असे पालिका वर्षानुवर्षे घसा कोरडा करून सांगते आहे, आणि इथे एक अशी वस्तू विकली जाते जी मुळातच ओला आणि सुका कचरा एकात घट्ट बांधून देते.

कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: आमची कॅप्सूल पुनर्वापरक्षम आहे. या शब्दाचा भरवसा किती धरायचा ते दोन निकालांतून दिसते. कॅनडाच्या स्पर्धा नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये क्युरिग कॅनडाला ३० लाख कॅनेडियन डॉलरचा दंड भरायला लावला, कारण ब्रिटिश कोलंबिया आणि क्युबेक सोडले तर बहुतेक ठिकाणच्या पालिका त्या डब्या पुनर्वापरासाठी स्वीकारतच नव्हत्या. अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीला १५ लाख डॉलरचा दंड लावला. देशातल्या दोन मोठ्या पुनर्वापर कंपन्यांनी या डब्या घेण्याची आपली तयारी नसल्याचे कळवले असताना ती गोष्ट वार्षिक अहवालात दडवली, असा आक्षेप होता. नेस्प्रेसोचे चित्र अधिक बरे आहे, ती स्वतःच्या पिशव्या आणि संकलन केंद्रे चालवते. तरीही तिचाच पुनर्वापराचा जागतिक आकडा साधारण एक तृतीयांशाच्या आसपास राहिला आहे, आणि हा आकडा त्या श्रीमंत देशांच्या जोरावर आहे जिथे टपालाने पिशवी परत पाठवता येते.

विघटनशील कॅप्सूल हा दुसरा दिलासा दिला जातो. त्यावरचे प्रमाणपत्र बहुधा औद्योगिक खतनिर्मितीचे असते, म्हणजे सतत ५८ अंशांच्या आसपास तापमान राखणाऱ्या प्रकल्पात काही महिन्यांत विघटन होईल एवढीच त्याची हमी. सोसायटीच्या मागच्या खताच्या खड्ड्यात किंवा गच्चीतल्या कुंडीत ती वर्ष-वर्ष तशीच राहू शकते, आणि कचरा वेगळा करणाऱ्याला ती साध्या प्लॅस्टिकपासून वेगळी ओळखता येत नाही. ज्या शहरात असा प्रकल्प कॅप्सूल स्वीकारत नाही, तिथे हा शब्द खोक्यावर छापू देऊ नये. या दिशेने मला खरोखर आशादायक वाटलेला प्रयोग स्वित्झर्लंडच्या मिग्रोस या सहकारी संस्थेचा आहे. तिने २०२२ मध्ये डबीच काढून टाकली आणि दाबून गोळा केलेल्या कॉफीवर समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाचा पातळ लेप दिला. वापरून झाला की अख्खा गोळा ओल्या कचऱ्यात जातो. सोय राखायची आणि डबी टाळायची हे शक्य आहे, एवढे त्यातून सिद्ध झाले.

कायद्याकडे वळताना युरोपची एक चूक नीट पाहण्यासारखी आहे. वेष्टनाच्या कचऱ्यासाठी उत्पादकाने पैसे भरावेत हे तत्त्व युरोपने फार पूर्वी मान्य केले. पण २०१३ च्या निर्देशात कोणती वस्तू वेष्टन आहे आणि कोणती नाही याची उदाहरणे दिली, तेव्हा वापरलेल्या कॉफीसकट फेकली जाणारी कॅप्सूल वेष्टन नाही असे त्यात स्पष्ट लिहिले. ज्या दोषामुळे ती कचऱ्यात अवघड ठरते, म्हणजे आतली कॉफी वेगळी होत नाही, त्याच दोषाच्या आधारे तिला जबाबदारीतून सूट मिळाली. या सुटीत बारा वर्षे गेली. मधल्या काळात जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने जानेवारी २०१६ मध्ये स्वतःपुरता निर्णय घेतला की सरकारी कचेऱ्यांत नगरपालिकेच्या पैशातून कॅप्सूल विकत घेतल्या जाणार नाहीत. सहा ग्रॅम कॉफीसाठी तीन ग्रॅम वेष्टन हे प्रमाण त्यांना मान्य नव्हते. ती नागरिकांवर घातलेली बंदी नव्हती, करदात्यांच्या पैशाने काय घ्यायचे याचा विवेक होता. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आलेल्या आणि १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या युरोपीय नियमावलीने कॅप्सूल हे वेष्टनच आहे असे निःसंदिग्धपणे लिहिले.

आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या ज्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत कान साफ करायच्या काड्या आणि आइस्क्रीमच्या काड्या आहेत, कॅप्सूल नाही. प्लॅस्टिकच्या वेष्टनांसाठी उत्पादकाच्या वाढीव जबाबदारीची चौकट २०२२ मध्ये आली. कागद, काच आणि धातूच्या वेष्टनांसाठीच्या तशाच नियमांचा मसुदा पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. या नियमांत ‘आतील उत्पादनासह टाकली जाणारी पेयाची कॅप्सूल हे वेष्टन समजले जाईल’ एवढे एक वाक्य नसेल, तर उद्या कोणी वकील युरोपचा २०१३ चा युक्तिवाद इथल्या न्यायालयात जसाच्या तसा मांडू शकेल, आणि पुढची दहा वर्षे त्यातच जातील.

त्या वाक्याबरोबर अनामत रक्कम हवी. कॅप्सूलमध्ये पाच ग्रॅम कॉफी आणि तिची किंमत पन्नास रुपये धरली, तर ग्राहक किलोला दहा हजार रुपये मोजून कॉफी पितो आहे. त्याला डबीमागे दोन-तीन रुपये अनामत जड होणार नाही. डबी परत केली की ती परत मिळावी, आणि ज्याने परत केली त्याला मिळावी, मग तो विकत घेणारा असो की कचरावेचक. हजार डब्यांच्या एका पोत्याला दोन-तीन हजार रुपये मिळाले, तर आज जिच्याकडे कोणी बघत नाही ती डबी रस्त्यावर दिसणार नाही, आणि ती उघडून कॉफी व धातू वेगळा करण्याचे काम कंपनीच्या खर्चाने कंपनीच्या यंत्रावर होईल. दुधाच्या पिशवीवर अनामत घेण्याचा प्रयत्न महाराष्ट्राने २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या वेळी केला होता आणि तो रखडला, कारण पिशवी हरघडी लागणारी, कोट्यवधी घरांतली, आणि विकणारे असंख्य होते. कॅप्सूलचे तसे नाही. विकणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत, ग्राहक ऐपतदार आहे, विक्री मुख्यतः ऑनलाइन किंवा ठरावीक दालनांतून होते, म्हणजे प्रत्येक खोका कोणाकडे गेला याची नोंद कंपनीकडे असतेच. जो कुरिअरवाला नवा खोका घेऊन दारात येतो, त्यानेच जुन्या डब्यांची पिशवी परत न्यावी, हे सक्तीचे करणे आज सोपे आहे. पाच वर्षांनी किराणा दुकानात स्वस्त नकला लटकू लागल्यावर ते सोपे राहणार नाही.

आणि मंत्रालय, महापालिका, विद्यापीठे, सरकारी बँका यांनी हॅम्बुर्गचा निर्णय उद्याच घ्यावा, त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. खरेदीच्या परिपत्रकात एक कलम वाढवले की पुरे. ज्या बैठकीत शहराच्या घनकचऱ्याचे कंत्राट मंजूर होते, त्या बैठकीत चहा नेहमीच्या किटलीतून यावा आणि कॉफी स्टीलच्या फिल्टरमधून.